किडनी बदललेल्या माणसाच्या मणक्याचं ऑपरेशन कुणी केलंय का?

सातारची_सून

नमस्कार. साताऱ्याजवळच्या एका गावातून लिहितेय. माझ्या मिस्टरांचं वय ४४, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. २०१५ मध्ये त्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी सासूबाईंनी दिली. तेव्हापासून देवाच्या दयेनं सगळं ठीक आहे. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) १.४ च्या वर कधी गेलं नाही. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि वायसोलोन ५ (स्टेरॉइड), एक दिवस गोळी चुकलेली नाही.

दोन वर्षांपासून कंबर धरते. आधी वाटलं उभं राहून शिकवण्यामुळे असेल. आता तर फळ्यासमोर दहा मिनिटं उभं राहवत नाही, खुर्चीत बसून शिकवतात. एमआरआयमध्ये एल-४ चा मणका एल-५ वर थोडा पुढे सरकलाय आणि नस दबलीय असं आलं. गेल्या दोन महिन्यांपासून आणखी एक सुरू झालंय. डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते आणि यांना कळतही नाही. परवा अंगणात मागे राहिलेली चप्पल मी उचलून आणली, तोवर हे ओट्यावर जाऊन बसले होते.

मणक्याच्या दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिले म्हणाले, स्क्रू आणि सळई बसवून ऑपरेशन करून टाकू, थांबू नका. दुसरे म्हणाले, किडनी बदललेल्या माणसाच्या मणक्याला हात लावू नये, किडनी जाईल, गोळ्या घ्या आणि पट्टा लावा. किडनीचे डॉक्टर पुण्याला असतात, त्यांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळालीय.

घरात सासूबाई ऐकायला तयार नाहीत. वय ७१. त्यांचं एकच म्हणणं, "माझी किडनी त्याच्या पोटात आहे, मी त्याला पुन्हा टेबलावर जाऊ देणार नाही." दोन आठवडे झाले, ताटं वाढली जातात पण कुणी कुणाशी बोलत नाही.

ज्यांनी स्वतः हे ऑपरेशन केलंय किंवा घरात बघितलंय त्यांनी कृपया लिहा. किडनी खरंच जाते का? चालता येतं का? जखम भरते का? चांगलं-वाईट दोन्ही लिहा. मला खरं ऐकायचंय.

कराडचा_शिंपी

ताई, मी कराडचा. शिवणकामाचं दुकान आहे. वय ५९. २०११ च्या डिसेंबरात बायकोनं मला किडनी दिली, त्याआधी चौदा महिने डायलिसिस. फेब्रुवारी २०१९ मध्ये मणक्याचं ऑपरेशन झालं. त्याला आता सहा वर्षं उलटून गेली. किडनी चालू आहे आणि मी चालतोय. हे सगळ्यात आधी सांगितलं, कारण तुमचं लिहिणं वाचून वाटलं की तुम्हाला आज रात्री झोप लागायला हवी.

आता चप्पल. ती गोष्ट मी दोनदा वाचली. पाय दुखणं, मुंग्या येणं हे वेगळं आणि पायातली ताकद जाणं वेगळं. चप्पल निसटते म्हणजे पाऊल वर उचलणारा स्नायू कमजोर पडतोय. दुखणं ऑपरेशननंतर जातं, पण गेलेली ताकद फार दिवस गेली तर परत येईलच असं नाही. म्हणून पुढच्या महिन्याच्या वेळेची वाट बघू नका. उद्या सकाळी पुण्याला फोन लावा आणि "पाय कमजोर होतोय" हेच शब्द वापरा. आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, किंवा बसायची जागा बधिर वाटली, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्यायचं. त्यात दिवस मोजायचे नसतात.

माझं दुखणं विचित्र होतं. मशीनवर वाकून दिवसभर बसलो तरी काही नाही, पण कापायच्या टेबलाशी ताठ उभा राहिलो की दोन्ही मांड्यांतून आग खाली उतरायची. दुकानापासून चौकापर्यंत दीडशे पावलं असतील, तेवढ्यात दोनदा कठड्यावर वाकून उभं राहायचो. सायकलवर मात्र पाच किलोमीटर जायचो. लोक म्हणायचे, सायकल चालवतोस आणि चालता येत नाही? किडनीच्या डॉक्टरांनी एवढं ऐकूनच सांगितलं की मणक्याची नळी अरुंद झालीय. पुढं वाकलं की नळी जराशी उघडते, ताठ झालं की आवळते. तरी त्यांनी पायांच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर करून घेतला, कारण आपल्यासारख्यांच्या पायातल्या रक्तवाहिन्या चोंदूनही असंच दुखतं. त्यात नुसतं थांबलं तरी बरं वाटतं, मणक्याच्या दुखण्यात थांबून भागत नाही, वाकावं किंवा बसावं लागतं.

गोळ्यांबद्दल लिहितो, कारण माझ्याकडून तिथं मोठी चूक झाली. लग्नसराई होती, कपडे द्यायचे होते. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली आणि पाच दिवस घेतली. तिच्यात डायक्लोफिनॅक होतं. सहाव्या दिवशी पाय सुजले. क्रिएटिनिन १.२ चं १.९ झालं होतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: टॅक्रोलिमसनं किडनीत रक्त नेणारी बारीक नळी आधीच थोडी आवळलेली असते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक या गोळ्या ती नळी आणखी आवळतात. दोन्ही मिळून किडनीचं पाणी तोडतात. तीन आठवड्यांनी आकडा खाली आला, पण बायको ते तीन आठवडे माझ्याशी नीट बोलली नाही. तिची किडनी होती ती. "गोळ्या घ्या आणि पट्टा लावा" म्हणणाऱ्या डॉक्टरांनी कुठल्या गोळ्या लिहिल्यात ते आज रात्रीच बघा. पॅरासिटामॉल चालतं. नसांच्या दुखण्याची प्रीगाबालिन किंवा गॅबापेन्टिन असेल तर तिचा डोस किडनीच्या आकड्यावर ठरतो. जास्त झाली तर माणूस दिवसभर गुंगीत राहतो.

किडनी जाते का, हा तुमचा मुख्य प्रश्न. मणक्याच्या डॉक्टरांची सुरी किडनीच्या जवळपासही जात नाही. किडनीला त्रास होतो तो आजूबाजूच्या गोष्टींनी. ऑपरेशनात ब्लड प्रेशर पडलं, उपाशी ठेवून सलाईन कमी पडली, चुकीचं अँटिबायोटिक गेलं, टॅक्रोचा डोस चुकला किंवा जखमेत पू झाला, यातलं काहीही किडनीला लागतं. म्हणजे यातलं बरंचसं आधी ठरवता येतं.

माझ्या किडनीच्या डॉक्टरांनी मणक्याच्या डॉक्टरांना एक पानभर पत्र लिहिलं होतं. त्याची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. त्यातलं आठवेल तसं सांगतो. टॅक्रोलिमस एकही वेळ चुकवायची नाही, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. टॅक्रोची पातळी आधी तपासायची आणि नंतर दर दोन दिवसांनी, रक्त सकाळचा डोस घ्यायच्या आधी काढायचं. इतकी वर्षं वायसोलोन घेतल्यानं शरीर स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवत नाही, म्हणून भूल देताना हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायचं, नाहीतर प्रेशर कोसळतं. जेंटामायसिन, अमिकासिन ही किडनीला लागणारी अँटिबायोटिकं टाळायची. रक्त द्यायची वेळ आली तर पांढऱ्या पेशी गाळलेलंच द्यायचं, कारण परक्या पेशींमुळे शरीर अशी प्रतिद्रव्यं बनवू शकतं की ती पुढं किडनीवर उलटतात. आणि प्रेशर खाली येऊ द्यायचं नाही, ही ओळ त्यांनी अधोरेखित केली होती. मणक्याच्या ऑपरेशनात रक्त कमी जावं म्हणून काही ठिकाणी प्रेशर मुद्दाम खाली ठेवतात. नेहमीच्या पेशंटला ते चालून जातं, आपल्या किडनीला नाही.

जी गोष्ट कुणाच्याच डोक्यात येत नाही ती पालथं झोपवण्याची. मणक्याचं ऑपरेशन पालथं झोपवून करतात. जुन्या किडन्या पाठीत असतात, पण नवी किडनी पुढं, जांघेच्या वर, कातडीखाली अगदी जवळ बसवलेली असते. पेशंटला ज्या गाद्यांवर झोपवतात त्यातली एक नेमकी तिथंच टेकते. माझी उजवीकडं आहे. आदल्या संध्याकाळी भुलीचे डॉक्टर बघायला आले. त्यांनी माझं पोट चाचपलं, किडनीची कड बोटानं शोधली आणि निळ्या पेननं तिच्याभोवती गोल काढला. मग माझ्या खिशातल्या टेपनं मी त्यांना कंबरेच्या हाडापासून गोलापर्यंतचं अंतर मोजून दाखवलं, साडेतीन इंच भरलं. त्यांनी ते आकड्यासकट कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर गाद्या छातीखाली आणि मांड्यांच्या वरच्या भागाखाली अशा लावल्या की पोट मधे मोकळं लोंबत राहावं. हे मला नंतर तिथल्या सिस्टरनं सांगितलं. तुमच्या मिस्टरांची कोणत्या बाजूला आहे ते मोठ्या अक्षरात फाईलवर लिहा. आणि कुणी पोटाकडून, म्हणजे पुढून मणक्यापर्यंत जायचं ऑपरेशन सुचवलं तर पहिला प्रश्न हाच विचारा की किडनीच्या बाजूचं काय.

हातात फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) असेल तर त्या हाताला प्रेशरचा पट्टा नाही, सुई नाही, आणि पालथं असताना त्या हाताखाली मऊ गादी. शुद्धीवर आल्यावर मी आधी डाव्या मनगटावर बोटं ठेवली. थरथर लागली. मग उजव्या हातानं पोट बघितलं.

माझ्या हाडांची घनता तपासली तर टी-स्कोअर उणे २.८ आला होता. उणे २.५ च्या खाली गेलं की हाडं ठिसूळ धरतात. स्टेरॉइड आणि डायलिसिसच्या वर्षांत वाढलेलं पॅराथायरॉइड, दोन्हीचा हा परिणाम. ठिसूळ हाडात स्क्रू ढिला पडतो, भुसभुशीत भिंतीतल्या खिळ्यासारखा. माझा मणका सरकलेला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी स्क्रू न घालता मागचं हाड काढून नळी मोकळी केली, एवढंच. तुमच्याकडे मणका सरकलाय, तेव्हा कदाचित स्क्रू लागतील. पण ते ठरवायच्या आधी पुढं वाकून आणि मागं झुकून काढलेले एक्स-रे झालेत का, हाडांची तपासणी झालीय का, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) बघितलंय का, हे विचारा. हाड कच्चं असेल तर स्क्रूभोवती सिमेंट भरायची सोय असते.

जखमेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण टाके हा माझा धंदा आहे. आपली कातडी या गोळ्यांनी मलमलीसारखी होते. मलमल शिवताना जाड सुई चालत नाही, टाका ओढून चालत नाही आणि चिकटपट्टी लावली तर काढताना धागेच निघतात. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना एका मुलानं चिकटपट्टी सरळ ओढली आणि जखमेच्या बाजूची रुपयाएवढी कातडी तिच्याबरोबर निघून आली. मूळ जखम छान होती, ही नवीन झाली. ती भरायला मूळ जखमेपेक्षा जास्त दिवस लागले. आधीच सांगून ठेवा: कागदी पट्टी वापरा, काढताना ओली करून, कातडी एका हातानं दाबून धरून. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे टाके बाराव्या दिवशी काढले, माझे एकोणिसाव्या. तो तिसऱ्या दिवशी घरी गेला, मी आठव्या. कुणी किडनी टिकवायला सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस घेत असेल तर जखम भरायला आणखी वेळ लागतो, ती गोळी ऑपरेशनच्या बरीच आधी बदलून घेतात.

माझे आकडे: आधी १.२. दुसऱ्या दिवशी १.६, त्या रात्री मी घाबरलो होतो. पाचव्या दिवशी १.४. महिन्यानं १.३. आता सहा वर्षांनी १.५ आहे, आणि डॉक्टर म्हणतात तेवढं वयानं आणि गोळ्यांनी झालंच असतं. सहा आठवड्यांनी बायकोबरोबर प्रीतिसंगमावर गेलो, यशवंतरावांच्या समाधीपर्यंत, एकदाही न बसता. मांड्यांतली आग गेली. डाव्या पायाच्या अंगठ्याचा बधिरपणा गेला नाही, तो राहील असं आधीच सांगितलं होतं. मशीनवर आता चाळीस मिनिटांच्या वर सलग बसत नाही.

मी डॉक्टरांना तेव्हा विचारलं होतं की आमच्यासारख्यांचं बाकीच्यांपेक्षा वाईट होतं का. ते म्हणाले, दुखणं कमी होणं आणि चालणं यात तुम्ही फार मागं राहत नाही. पण दवाखान्यात जास्त दिवस राहता, रक्त जास्त वेळा लागतं, जंतुसंसर्गाचा आणि किडनीचा धोका जास्त असतो. म्हणून घाईनं नाही आणि एकट्यानं नाही, दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोललेत अशाच ठिकाणी करा. मला तेच पटलं.

तुमच्या सासूबाईंबद्दल नंतर लिहितो. दुकानात गिऱ्हाईक आलंय.

फिजिओ_नाशिक

काकांनी फार मोलाचं लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, एकच भर घालते. स्टेरॉइडवरच्या पेशंटमध्ये खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा बंद पडून तो झिजतो. ते दुखणं जांघेत आणि मांडीत येतं आणि कित्येकदा मणक्याच्या नावावर खपतं. मिस्टरांना मांडी घालून बसता येतं का? पाठीवर झोपवून गुडघा दुमडून पाय आत-बाहेर वळवताना जांघेत कळ येते का? येत असेल तर खुब्यांचाही एमआरआय करून घ्या. चप्पल निसटणं मात्र खुब्यानं होत नाही, ते नसेचंच आहे. पाऊल असं खाली लोंबतंय तोवर जिना आणि ओल्या फरशीवर सांभाळा.

वर्ध्याहून

ताईंनी चांगलं-वाईट दोन्ही मागितलंय, म्हणून लिहिते. आमच्याकडे वाईट झालं.

बाबांचं ट्रान्सप्लांट २०१० चं, वय तेव्हा ६३, शुगर जुनी. २०२२ मध्ये दोन ठिकाणी स्क्रू घालून ऑपरेशन झालं. पाच तास. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.२ होतं. ऑपरेशनच्या आधी ते खाली आणा असं कुणी म्हटलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. बाराव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं. आम्हाला वाटलं घाम असेल. दोन दिवसांनी बनियन मागून पिवळं झालं. पुन्हा टेबलावर नेऊन जखम धुतली, सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक.

त्यातच बाबांना तोंडात पांढरं आलं म्हणून फ्लुकोनॅझोल सुरू केलं. लिहिणारे डॉक्टर वेगळे, किडनीचे वेगळे. चार दिवसांनी बाबांचा हात इतका थरथरायला लागला की चहाचा कप बशीवर वाजायचा. आईनं म्हटलं, अशक्तपणा असेल. टॅक्रोची पातळी तपासली तर १७. बाबांची नेहमीची ५-६ असायची. ती बुरशीची गोळी टॅक्रोचं पचन अडवते, त्यामुळे नेहमीचाच डोस विषासारखा होतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, डिल्टियाझेम ही प्रेशरची गोळी, यांचंही तसंच आहे असं नंतर कळलं. क्रिएटिनिन १.७ होतं ते २.९ पर्यंत गेलं आणि २.२ वर थांबलं. वर्षभरानं एक स्क्रू ढिला झालाय असं एक्स-रेत दिसलं.

बाबा आज काठी घेऊन स्वतः संडासला जातात. ऑपरेशनच्या आधी ते रात्री पाय धरून रडायचे, ते थांबलं. मी त्यांना एकदा विचारलं, पुन्हा करून घेतलं असतं का. म्हणाले, "घेतलं असतं, पण शुगर उतरवून." मी तुम्हाला नको म्हणणार नाही. नवीन कुठलीही गोळी कुणीही लिहिली तरी आधी किडनीच्या डॉक्टरांना फोन करा, मग तोंडात घाला. आणि जखम रोज स्वतः बघा, पेशंटला मागचं दिसत नाही.

भावाची_बहीण

थोडं वेगळं सांगते. माझ्या भावाला ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या वर्षी पाठ धरली. रिपोर्टमध्ये मणका झिजला असंच होतं. पण त्याला संध्याकाळी बारीक ताप यायचा आणि पँट ढिली व्हायला लागली होती. रात्री झोपेतही दुखायचं. किडनीच्या डॉक्टरांनी सुईनं मणक्याचा तुकडा काढून तपासायला लावला, तर टीबी निघाला. आपल्या देशात या गोळ्यांवरच्या माणसाला टीबी होणं नवल नाही. ऑपरेशनची गरजच पडली नाही, दीड वर्ष औषधं आणि पट्टा. पण टीबीचं रिफाम्पिसिन सुरू केल्यावर टॅक्रोची पातळी तळाला गेली. वर्ध्याच्या ताईंच्या अगदी उलट. डोस वाढवत वाढवत दुपटीच्या वर न्यावा लागला, नाहीतर किडनी नाकारली गेली असती. तुमच्या मिस्टरांना ताप, वजन उतरणं, रात्रीचं दुखणं असं काही आहे का? नसेल तर बरंच आहे, पण विचारून घ्या.

कराडचा_शिंपी

वर्ध्याच्या ताईंचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. कपाचं मलाही माहीत आहे. टॅक्रो जास्त झालं की मला सुईत दोरा ओवता येत नाही, तीच माझी तपासणी.

सासूबाईंबद्दल. माझी बायकोही नको म्हणाली होती. दोन महिने तिनं लावून धरलं. मी तिला समजवायचो, ती उठून स्वयंपाकघरात जायची. शेवटी मी समजवणं सोडलं आणि तिला बरोबर घेऊन गेलो. डॉक्टरांच्या समोरची खुर्ची तिला दिली, मी मागं स्टुलावर बसलो. तिनं डॉक्टरांना जे विचारलं ते मी दोन महिन्यांत विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "ऑपरेशन केलं नाही तर किडनीचं काय होईल?" डॉक्टर म्हणाले, चालणं बंद झालं की वजन वाढतं, शुगर येते, हाडं आणखी झिजतात, दुखणं सहन होत नाही म्हणून माणूस चोरून गोळ्या खातो. त्यानंही किडनी जाते, फक्त हळू जाते. चोरून गोळ्या म्हटल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाली, तारीख घ्या.

ज्यानं दिलं त्याला खुर्ची द्या, ताई. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यांचं समाधान होणार नाही.

सातारची_सून

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. धावपळीत होते.

दुसऱ्याच दिवशी फोन केला, "पाय कमजोर होतोय" म्हटल्यावर चौथ्या दिवशीची वेळ दिली. गोळ्यांच्या पाकिटांत असिक्लोफिनॅक सापडलं. नऊ गोळ्या पोटात गेल्या होत्या. क्रिएटिनिन १.६ होतं, बंद केल्यावर परत १.४ वर आलंय. ताप नाही, वजन तेवढंच. मांडी घालून बसतात. टी-स्कोअर उणे २.१. वाकून काढलेल्या एक्स-रेत मणका हलतो असं दिसलं, त्यामुळे स्क्रू लागणारच आहेत, पण एकाच ठिकाणी. किडनीचे आणि मणक्याचे डॉक्टर आमच्यासमोर फोनवर बोलले. पत्रही मिळालं. शुगर नाही, ती एक काळजी मिटली.

सासूबाईंना घेऊन गेलो. खुर्ची त्यांनाच दिली. सगळा वेळ गप्प होत्या. भुलीचे डॉक्टर पालथं झोपवण्याचं सांगायला लागले तेव्हा एकदम म्हणाल्या, "पालथं घालणार तर माझी बाजू कुठं जाईल?" डॉक्टरांना आधी कळेना. मग त्यांनी उठून तपासणीच्या टेबलावर दोन उशा ठेवल्या, ह्यांना पालथं झोपायला लावलं आणि सासूबाईंचा हात धरून मधल्या मोकळ्या जागेत घातला. पोट आणि टेबल यांच्यामध्ये त्यांचा तळहात सहज मावत होता. त्यांनी तो बराच वेळ तिथंच ठेवला. घरी येताना गाडीत झोपल्या.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. रविवारी भरती.

काका, एक विचारायचं राहिलं. नंतर पट्टा बांधायचाय, तर आत काय घालायचं? बाजारातल्या बनियनची शिवण ह्यांना आत्ताच काचते.

कराडचा_शिंपी

बाजारातलं घालू नका. धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या, जुनं धोतर असेल तर उत्तम. पुढून पूर्ण उघडणारा, बिनबाह्यांचा सदरा, पाठीत जोड नको, एकसंध कापड. खांद्याच्या आणि बाजूच्या शिवणी बाहेरच्या बाजूला, म्हणजे कातडीला फक्त कापड लागेल. पायजम्याची नाडी जखमेवर येते, त्याऐवजी पुढून बांधायचे दोन बंद. रोज बदलायला चार तरी लागतील. मी उद्या बसतो, शनिवारी सकाळच्या एसटीनं पाठवतो. छाती, कंबर आणि मानेपासून कंबरेपर्यंतची उंची कळवा. किडनी कोणत्या बाजूला आहे तेही, बंद त्या बाजूला नको.

सातारची_सून

छाती ३८, कंबर ३४, उंची १९ इंच. उजवीकडे.